रॅपर बघा, दुकान कळेल: गोव्यातल्या सिगार काउंटरांची झाडाझडती

गोव्यात सिगार घेताना सर्वांत बाहेरच्या पानाकडे, म्हणजे रॅपरकडे, दोनदा बघावं. पहिल्यांदा ते पान कुठलं, कसं पिकवलेलं, कुणी गुंडाळलेलं हे कळतं. दुसऱ्यांदा कळतं ते दुकानदाराने त्याचं काय केलं हे. निकाराग्वात किंवा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पारखून, रंगानुसार लावून पेटीत घातलेली सिगार पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या वायन शॉपात महिनाभर चुकीची ठेवली, तर तिच्या अंगावर कारखान्याची कारागिरी थोडी आणि दुकानाची हेळसांड जास्त दिसते. त्यामुळे ही पाहणी एका ब्रँडची नाही. गोव्यातल्या काउंटरांवर जो माल दिसतो त्याच्या रॅपरवरून काय ओळखावं आणि कुठल्या प्रकारच्या दुकानावर किती भरवसा ठेवावा, एवढाच हिशेब आहे.

सिगारची तीन अंगं असतात. आत दुमडून घातलेलं भरण, ते आवळून धरणारं बाइंडर आणि वरचं रॅपर. रॅपरचं काम ज्याने घरी अळूवडी केली आहे त्याला चटकन समजेल. अळूचं पान घेताना आपण जाड शीर छाटतो, उरलेल्या शिरा लाटण्याने चेपतो आणि गुळगुळीत बाजू बाहेर ठेवतो. सिगार वळणाराही मधली शीर काढून पानाचे दोन अर्धे करतो, शिरांची उठावदार बाजू आत घेतो आणि पान किंचित ताणत तिरकं गुंडाळत नेतो. डावं अर्धं एका दिशेने गुंडाळावं लागतं, उजवं उलट दिशेने. म्हणून एका सिगारची वळणं डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे गेलेली दिसली तर तो दोष नव्हे. सुरुवात पेटवायच्या टोकापासून होते आणि शेवट तोंडात धरायच्या टोकाला, जिथे पानाचाच गोल तुकडा वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवून टोपी करतात. क्युबन पद्धतीच्या टोपीत बारीक तीन वळणं मोजता येतात. टोपी वाकडी, डिंकाचा डाग चकाकतोय, खाली सुरकुती पडलीय, अशी सिगार कारखान्यातूनच घाईने निघाली आहे. तिथे दुकानदाराला बोल लावू नये.

रंगाबद्दल गोव्यातल्या काउंटरांवर एकच वाक्य ऐकू येतं: काळी म्हणजे कडक. हे चूक आहे. फिक्या क्लारोपासून कोलोराडो, मादुरो आणि जवळजवळ काळ्या ओस्क्युरोपर्यंतच्या छटा पानाला ऊन किती मिळालं, ते झाडाच्या कुठल्या उंचीवरचं आणि किती काळ, किती उष्णतेत आंबवलं हे सांगतात. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणात असतो, विशेषतः झाडाच्या शेंड्याकडच्या लिहेरो पानांत. मादुरोचं पान जाड असतं, जास्त काळ जास्त उष्णतेत आंबवलेलं असतं आणि धुराला बऱ्याचदा गोडसर, कोको-कॉफीच्या अंगाची चव देतं. उलट सोनेरी, सालस दिसणाऱ्या सिगारमध्ये भरण जहाल असू शकतं. हिरव्या रॅपरची सिगार, म्हणजे कांदेला, दिसली तर ती कच्ची समजून परत करू नये. पान उष्णता देऊन झटकन वाळवलं की हरितद्रव्य टिकतं, आणि तो हिरवा रंग मुद्दाम ठेवलेला असतो. तपकिरी पानावर मात्र हिरवा चट्टा असेल तर ते पान नीट वाळलेलं नाही. एखादा छोटा ठिपका चवीला फारसा बाधत नाही, पण पहिल्या प्रतीच्या किमतीला तो माल घ्यायचं कारण नाही.

शिरांचंही तसंच. कनेटिकटमध्ये पातळ कापडाच्या मांडवाखाली, किंवा एक्वाडोरमध्ये ढगांच्या नैसर्गिक सावलीत वाढलेलं पान पातळ, रेशमासारखं आणि बारीक शिरांचं असतं. माकानुदो ब्रँडच्या नेहमीच्या सिगारवर ते दिसतं. ब्रॉडलीफ, मेक्सिकोचं सान आंद्रेस किंवा ब्राझीलच्या बाहिया प्रांतातलं माता फिना जाड आणि खडबडीत. त्यावर शिरा ठळक दिसणारच. कॅमेरूनच्या पानावर पॉलिश पेपरसारखे बारीक दाणे हाताला लागतात. आर्तुरो फुएन्ते ब्रँडच्या हेमिंग्वे सिगारवर ते बघायला मिळतात. नवखे गिऱ्हाईक त्याला बुरशी समजतात. ते तेलाचे सूक्ष्म उंचवटे असतात आणि जळल्यावर राखेत पांढरे ठिपके दाखवतात. शिरा असणं हा दोष नाही. एखादी शीर दोरीसारखी उठून आली असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना पान सुटून पोकळ दिसत असेल, तर मात्र जळण तिथे वाकडं होणार.

बाहिया इथे सहज आलेलं नाही. सतराव्या शतकात पोर्तुगिजांच्या मक्तेदारीतला बाहियाचा तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यात उतरायचा. त्याच्याही आधी, १६०४-०५ च्या सुमारास, अकबराचा दूत असद बेग याला तंबाखू भेटला तो विजापुरात, आणि तिथून त्याने तो अकबराच्या दरबारात नेला. आज गोव्यातला दुकानदार माता फिनाला नवीन आयटम म्हणून दाखवतो, याची गंमत वाटते.

आता गोव्याच्या हवेकडे. सिगारला ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २० अंश तापमान मानवतं. इथे जून ते सप्टेंबर हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते आणि वातानुकूलित दुकानात ती ५० च्या आसपास उतरते. दिवसभर एसी, रात्री शटर पाडून एसी बंद, सकाळी पुन्हा एसी. या चक्रात पहिला बळी रॅपर. ते सर्वांत पातळ आणि सर्वांत बाहेर असल्यामुळे काही तासांत ओलावा घेतं किंवा सोडतं. आतल्या भरणाला तेवढ्यासाठी आठवडे लागतात. पावसाळ्यात हळूहळू फुगलेलं भरण आत तसंच आणि बाहेरचं पान एसीने सुकून आखडलेलं, मग ते तडकतं. वायन शॉपच्या काचेच्या कपाटात दिसणारे चिरलेले रॅपर बहुतेक असेच तडकलेले असतात. गिऱ्हाइकाने दाबून फोडलेले कमी.

अशा कपाटातली जुलै महिन्यातली एक नमुनेदार सिगार जवळून बघू. पाच इंच, ५० रिंग गेजची रोबुस्तो. रिंग गेज म्हणजे इंचाच्या ६४ व्या भागातली जाडी, तेव्हा ही साधारण २० मिलिमीटर. रॅपर फिकट कनेटिकट. पेटवायच्या टोकापासून वर सुमारे तीन सेंटिमीटरची उभी चीर, चिरेच्या कडा किंचित वर उचललेल्या, खाली बाइंडरचं गडद पान उघडं. रॅपरला चकाकी नाही, वर्तमानपत्राच्या कागदासारखं निर्जीव. बँड, म्हणजे सिगारभोवतीचा कागदी पट्टा, बघितला तर तो फिरतही नाही, कातडीत रुतल्यासारखा बसला आहे. म्हणजे आतलं भरण फुगलेलं आहे. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की निदान पक्कं: ओलावा आणि सुकणं आलटून पालटून. ही पेटवली तर चीर टोपीकडे धावते, एका बाजूने जळतं आणि आत ओलं भरण विझतं. दुकानदार म्हणेल की थोडा डिंक लावा, चालेल. चीर एक सेंटिमीटरच्या आत आणि पेटवायच्या टोकालाच असेल तर खरंच चालतं, तो भाग जळून जातो. टोपीच्या बाजूची चीर मात्र चालत नाही, कारण कटर लावला की तिथून रॅपर सुटतं.

बँड हा स्वस्तातला मापक आहे, आणि काउंटरवर तो बघायला कुणी हरकत घेत नाही. निरोगी सिगारवर बँड बोटाने हलका ढकलला की जेमतेम सरकतो. आपोआप घसरून खाली येत असेल तर सिगार सुकली आहे. रुतून बसला असेल तर फुगली आहे. त्यानंतर अंगठा आणि तर्जनीने पेटवायच्या टोकापासून टोपीपर्यंत हलकं दाबत जावं. चांगल्या सिगारला पिकत आलेल्या केळ्यासारखी लवचीक दाद असते. मऊ पडलेल्या पापडासारखी लागली तर ओलावा जास्त. कुठे खडा लागला तर तिथे भरण गच्च बसलंय, ओढ अडकणार. कुरकुर आवाज आला तर पुढे दाबू नये, नाहीतर फोडण्याचं पाप आपल्या माथी येतं. नाकाला लावून हुंगणं, ओठांनी चाखणं हे काउंटरवर करू नये. ती सिगार आपण नाही घेतली तर दुसरा कुणीतरी घेणार आहे.

पांढरेपणा हा गोव्यातला मोठा घोळ. रॅपरवर पांढरी भुकटी दिसली की अनुभवी विक्रेतेही सांगतात, ही तेलाची साय आहे, सिगार मुरल्याची खूण. मुरलेल्या सिगारवर तेलाचे स्फटिक येतात ही जुनी समजूत आहे. इथल्या पावसात मात्र पांढरं काही दिसलं तर आधी बुरशीच धरावी. दहापट भिंग किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा लावावा. तंतू दिसले, कापसासारखे पुंजके दिसले, ठिपके एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे नाहीत असं दिसलं, तर बुरशी. निळसर किंवा हिरवट असेल तर भिंगाचीही गरज नाही. पेटवायच्या टोकावर, म्हणजे भरणाच्या कापलेल्या भागावर पांढरं असेल तर ती सिगार सोडून द्यावी. रॅपरवरची पुसता येते, आत गेलेली काढता येत नाही. शेजारच्या सिगारही तपासाव्या, कारण बुरशी एकटी राहत नाही.

भोकांचा प्रश्न त्याहून गंभीर. तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, आतून पोखरत बाहेर येतो आणि रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढं, साधारण एक-दीड मिलिमीटरचं गोल छिद्र ठेवतो. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि गोव्याचं बारमाही २५ अंशांवरचं तापमान त्यांना फारच सोयीचं. म्हणून १८-२० अंशांचा आग्रह. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली सिगार असेल तर ती पांढऱ्या कागदावर हलकी ठोकावी. तळाशी दळलेल्या मसाल्यासारखी बारीक भुकटी पडली तर आत भुंगा आहे किंवा होऊन गेला आहे. सेलोफेन पिवळं पडलं असेल तर ते वयाचं लक्षण, घाबरण्याचं कारण नाही. शंका असलेला माल घरी आणलाच असेल तर हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. थेट फ्रीझरमधून बाहेर काढली तर रॅपर तडकतं, आणि पिशवी आधी उघडली तर त्यावर पाणी जमतं.

रंगवलेल्या मादुरोची तपासणी सोपी आहे. टिश्यू पेपर साध्या पाण्याने ओलसर करून पेटवायच्या टोकाजवळच्या दोन सेंटिमीटर भागावर तीन-चार वेळा फिरवावा. खऱ्या पानातून चहासारखा फिका तपकिरी रंग येतो. काळपट तपकिरी डाग उतरला आणि घासलेली जागा फिकी पडली, तर रंग वरून दिला आहे. डोळ्यांनीही कळतं: नैसर्गिक मादुरोवर शिरांचा रंग पानापेक्षा वेगळा दिसतो आणि छटा कुठे कमी, कुठे जास्त असते. सगळं एकाच कुंचल्यातून काढल्यासारखं दिसलं, शिरासुद्धा त्याच रंगात बुडलेल्या, तर शंका घ्यावी. यंत्रावर बनलेल्या छोट्या सिगारिलोंचा प्रकार आणखी निराळा. अनेकांचं बाइंडर किंवा रॅपर तंबाखूच्या भुकटीचा लगदा लाटून केलेल्या तावाचं असतं. अतिशय गुळगुळीत, एकसारखं आणि बिनशिरांचं दिसणारं पान म्हणजे उत्तम पान नव्हे, तो ताव आहे. स्वस्तात स्वस्त म्हणून घ्यायला हरकत नाही, पण हातवळणीच्या भावात नको.

बारीक सिगारच्या बाबतीत रॅपर अधिक चोखंदळपणे बघावं. परीघ आणि आतलं भरण यांचं प्रमाण जाडीनुसार बदलतं. ३८ रिंग गेजच्या सिगारमध्ये भरणाच्या तुलनेत रॅपर ५४ रिंगच्या सिगारपेक्षा सुमारे १.४ पट असतं. चवीत रॅपरचा वाटा अमुक टक्के, असा आकडा दुकानदार ठोकून सांगतात, तो मनावर घेऊ नये. आकडा सिगारच्या जाडीनुसार हलतो एवढं लक्षात ठेवावं.

आता दुकानं. किनाऱ्यावर, कळंगुट-बागा-हणजूणच्या बाजूला, पेटी काखेत घेऊन फिरणाऱ्याकडून सिगार घेऊ नये. काचेच्या झाकणाच्या लाकडी पेटीत क्युबाची कोहिबा म्हणून सिगार दाखवली तर रॅपर बघायचेही कष्ट घेऊ नयेत, क्युबातून अशा काचेच्या झाकणाच्या पेट्या येत नाहीत. तरी कुतूहल असेल तर पेटीतल्या सिगारच्या छटा बघाव्या. क्युबन कारखान्यात पेटी भरताना सिगार रंगानुसार लावतात, गडदकडून फिक्याकडे, आणि फरक इतका थोडा की शेजारच्या दोन सिगारमध्ये तो जाणवत नाही. किनाऱ्यावरच्या पेटीत एक गडद, एक पिवळट, एक डागाळलेली, बँड वर-खाली. खऱ्या पेटीच्या तळाला तापवलेल्या शिक्क्याने उमटवलेला मजकूर असतो, छापलेला किंवा चिकटवलेला नाही.

वायन शॉपचं काचेचं कपाट मध्यम दर्जाचं ठिकाण, आणि ते दुकानदारावर अवलंबून. तिथे हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, आहे का, तो किती दाखवतो, आणि कपाटात ठेवलेले आर्द्रतेचे पाऊच कसे आहेत हे बघावं. पाऊच पत्र्यासारखा कडक झाला असेल तर तो संपला आहे. पावसाळ्यात टम्म फुगला असेल तर बाहेरची हवा आत येते आहे. पावसात पाण्याचा ट्रे भरून ठेवणारे दुकानदार आजही भेटतात. ऑगस्टमध्ये कपाटाला पाणी देणं म्हणजे विहिरीत घागर ओतण्यासारखं. हायग्रोमीटरवर विश्वास नसेल तर घरच्यासाठी खात्री करून घेता येते: चमचाभर मिठात काही थेंब पाणी घालून त्याची ओलसर भुरी करावी, मीटरसोबत हवाबंद डब्यात २४ तास ठेवावी, आकडा ७५ दिसला पाहिजे. जेवढा फरक, तेवढी बेरीज किंवा वजाबाकी कायमची.

हॉटेलांच्या आणि लाउंजच्या बंद ह्युमिडोरमधला, म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या कपाटातला, माल बहुधा चांगल्या अंगाने दिसतो: तेलकट चमक, हाताला गार, टोपी अखंड. तिथला धोका वेगळा. शनिवारी रात्री दार दर दहा मिनिटांनी उघडतं आणि दाराजवळच्या फळीवरच्या सिगारची रॅपर आतल्यांपेक्षा निस्तेज असतात. मागच्या फळीवरची मागावी. दाबोळी आणि मोपा विमानतळांवरच्या ड्युटी फ्रीमध्ये माल बंद पेटीत असतो, त्यामुळे रॅपर बघता येत नाही. परदेशातून येताना भारतात शुल्काविना आणता येतात त्या २५ सिगार, हे आधी मोजावं.

तामिळनाडूच्या तिरुचिरापल्लीकडच्या चिरुटांना काउंटरवर कोपऱ्यात ढकलतात, हा अन्याय आहे. दोन्ही टोकं उघडी, टोपी नाही, रॅपर ओबडधोबड. पश्चिम बंगालच्या कूचबिहारचं जाती तंबाखूचं पान आपल्याकडे सिगार-चिरुटांच्या रॅपरसाठी वापरलं जातं. ते दिसायला साधं आणि काळसर असतं. हे पान रेशमी कनेटिकटच्या शेजारी ठेवून तोलू नये. शिवण सुटलेली नाही, दोन्ही टोकं सारखी कापलेली आहेत आणि बुरशी नाही, एवढं जमलं तर त्या किमतीत खोट काढायला जागा नाही. फक्त कागदी खोक्यात असल्याने पावसात त्या सर्वांत आधी बिघडतात.

आयात केलेल्या पेटीवर ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा, आयातदाराचं नाव, किंमत आणि महिना-वर्ष असायला हवं. इशाराच नसेल तर माल मागच्या दाराने आलेला आहे, आणि अशा मालाची साठवण कुणी मोजलेली नसते. लेबलवरचा महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुद्दाम वाचावा. पर्यटकांचा हंगाम सुरू होताना पावसाळा काढलेला माल पुढच्या फळीवर येतो, नाताळच्या आधीची नवी खेप नंतर. महिना जूनच्या आधीचा असेल तर पेटी उघडायला लावावी, खालच्या थरातली एक सिगार काढून चारही बाजूंनी फिरवून बघावी, बँड सरकतो का ते तपासावं आणि टोपीकडची कड नखाने नाही, नजरेने पाहावी. खालचा थर दाखवायला दुकानदार कां-कू करू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.